गोष्ट कुणाची, सांगितली कुणी

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. जंगलात वाघ आडवा येतो, तुला खाईन म्हणतो. ती त्याला समजावते, की आत्ता माझ्या अंगावर मांस कुठे आहे, लेकीकडे चार दिवस राहून येते, मग खा. येताना ती भोपळ्यात बसते आणि वाघाच्या नाकासमोरून गडगडत निघून जाते. हीच म्हातारी इराणमध्ये आहे. तिथेही ती लेकीलाच भेटायला निघते, तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह अडवतात, आणि तिथेही तिची सुटका भोपळाच करतो. पोर्तुगालच्या गोष्टीत तिच्या वाटेवर लांडगे आहेत. बंगालमध्ये तर ती आहेच. इराणच्या इस्फहानमधल्या एखाद्या मुलाला आपण आपली म्हातारी सांगू लागलो, तर वाघ यायच्या आतच ते म्हणेल, ही मला ठाऊक आहे.

जगभरच्या लोककथा मराठी मुलांसाठी लिहाव्यात असं वाटलं ते या ओळखीच्या आनंदामुळे. काम सुरू झाल्यावर मात्र एक प्रश्न सतत समोर राहिला. दुसऱ्यांची गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगतो, तेव्हा तिच्यातलं काय बदलायची मोकळीक आपल्याला आहे, आणि कशाला हात लावायचा नाही? मुलांच्या हातात हे पुस्तक देणाऱ्या मोठ्या माणसांनी या प्रश्नाचा विचार करावा, यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही गोष्ट घ्या. राक्षसाला कुणी मारू शकत नाही, कारण त्याचा जीव त्याच्याजवळ नसतोच. सात समुद्रांपलीकडे, झाडावर, पिंजऱ्यात पोपट असतो, त्याच्यात तो असतो. रशियात कोश्चेई नावाचा न मरणारा खलपुरुष आहे. त्याचं मरण सुईच्या टोकावर. सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली, आणि झाड समुद्रातल्या बुयान बेटावर. नॉर्वेतला राक्षस आपलं काळीज दूर ठेवतो. तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकाच्या पोटात अंडं आणि अंड्यात काळीज. सांगाडा एकच आहे. तरी नॉर्वेच्या गोष्टीत चर्च आहे, रशियाच्या गोष्टीत ओक आहे आणि आपल्याकडे पोपट आहे. मूल यातली एक गोष्ट ऐकतं तेव्हा त्याला मजा येते. तिन्ही ऐकतं तेव्हा जग केवढं मोठं आहे आणि तरी किती आपलं आहे, हे त्याला कुणी न सांगता कळतं. म्हणून या तिन्ही गोष्टी पुस्तकात एकापाठोपाठ ठेवल्या आहेत.

यातली आपल्याकडची गोष्ट छापील पुस्तकात कशी आली, तो वृत्तान्त मला फार मोलाचा वाटतो. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखात दौऱ्यावर होते. त्यांची तरुण मुलगी मेरी बरोबर होती आणि तिच्या सोबतीला तिची आया होती, ॲना लिबराटा डिसूझा. ॲनाचे आजोबा मूळचे कालिकतच्या लिंगायत घराण्यातले. ते कुटुंब गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे ख्रिस्ती झालं. ॲनाला गोष्टी मिळाल्या त्या तिच्या आजीकडून. मुक्कामामुक्कामावर ॲना मोडक्या इंग्रजीत गोष्टी सांगे आणि मेरी त्या टिपून घेई. टिपलेलं पुन्हा ॲनाला वाचून दाखवून, तपशील बरोबर आहे ना, हे ती विचारून घेई. १८६८ साली लंडनला या गोष्टींचं पुस्तक निघालं. त्यात चोवीस गोष्टी होत्या, आणि त्यातल्या ‘पंचकिन’ नावाच्या जादूगाराचा जीव एका छोट्या हिरव्या पोपटात होता.

या पुस्तकात मेरी फ्रिअरने एक असं काम केलं जे त्या काळात फार कुणी करत नव्हतं. गोष्टींच्या आधी तिने ॲनाची स्वतःची हकीकत, ॲनाच्याच बोलण्यात, छापली. तरुणपणी आलेलं वैधव्य, दोन मुलांना वाढवण्यासाठी केलेली नोकरी, आजीची आठवण, आणि हल्लीची म्हातारी माणसं पूर्वीसारख्या गोष्टी सांगत नाहीत ही खंत, हे सगळं त्यात आहे. साहेबाच्या घरातल्या आयेचं नाव आणि आयुष्य आज आपल्याला कळतं ते या काही पानांमुळे. राज्यकर्त्याची मुलगी आणि तिची नोकर, हे नातं सारखेपणाचं नव्हतं, आणि ॲनाच्या तोंडच्या किती बारकाव्यांचं इंग्रजी वळण झालं असेल तेही उघड आहे. तरीही नाव राहिलं. दख्खनमध्ये सांगितलेल्या या गोष्टी इंग्लंडच्या मुलांनी वाचल्या. आज आपण इंग्लंडच्या, जर्मनीच्या, जपानच्या गोष्टी मराठीत आणतो, तेव्हा ॲनाच्या बाबतीत जे झालं त्याहून कमी आपण करू नये.

ग्रिम बंधूंचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आला आणि दुसरा १८१५ साली. दुसऱ्या खंडातल्या अनेक गोष्टी डोरोथिआ फीमान या बाईने दिल्या होत्या. तिचे वडील खानावळवाले होते, नवरा शिंपी होता, आणि कासेलच्या बाजारात भाजी विकायला ती शेजारच्या खेड्यातून यायची. ग्रिमनी तिची थोरवी मोकळेपणाने लिहिली. ती सावकाश सांगे, पुन्हा सांगताना शब्द ढळू देत नसे, आणि चूक झाली तर मध्येच थांबून दुरुस्त करी. पुढच्या आवृत्तीत तिचं चित्रही छापलं. पण तिला त्यांनी अस्सल जर्मन शेतकरी बाई म्हणून उभं केलं. तिचे पूर्वज फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेले ह्यूगेनो होते, आणि तिच्या गोष्टींत फ्रेंच गोष्टींचे धागे होते. राष्ट्र उभं करण्याच्या ओढीत हा तपशील मागे पडला.

शिवाय पहिली आवृत्ती मुलांसाठी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. ती टिपांनी भरलेली, अभ्यासकी होती. आई-वडिलांच्या तक्रारी आल्या, आणि विल्हेल्म १८५७च्या सातव्या आवृत्तीपर्यंत गोष्टी घासत राहिला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी तिची सख्खी आई आहे. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायचा बेत करणारीही सख्खीच आई आहे. पुढच्या आवृत्त्यांत दोघींच्या सावत्र आया झाल्या. रापुन्झेल भोळेपणाने विचारते की माझे कपडे घट्ट का होत आहेत, ते वाक्य गेलं. उलट दुष्टांना होणाऱ्या शिक्षा वाढल्या. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, ते दुसऱ्या आवृत्तीत आलं. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ ग्रिम समजतो ते पंचेचाळीस वर्षांच्या संपादनातून आलेलं पुस्तक आहे. याचा मला राग नाही. सख्ख्या आईच्या जागी सावत्र आई आणण्याने मात्र एक नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. भुकेने आई-बाप किती हतबल होतात, हे हान्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीचं मर्म होतं. सारा दोष एका सावत्र बाईवर गेला आणि भूक मागे सरली. दुष्काळ ठाऊक असलेल्या आपल्या मुलखातल्या मुलांना ही गोष्ट पहिल्या रूपात अधिक खरी वाटेल. इथे ती तशीच दिली आहे.

लाल टोपीवाल्या मुलीच्या बाबतीत तर लिहिणाऱ्यांनी तिच्यावर उघड अन्याय केला आहे. शार्ल पेरोने १६९७ साली ती फ्रेंच दरबारी वाचकांसाठी लिहिली. त्यात लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, वर मुलींसाठी पद्यातला उपदेश. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो. दोन्हीकडे मुलगी स्वतःची सुटका स्वतः करत नाही. पण फ्रान्सच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या तोंडून टिपलेली गोष्ट वेगळी आहे. तिथे मुलीला संशय येतो. ती म्हणते, मला बाहेर जायचं आहे, पोटात कळ आली आहे. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला सोडतो. ती दोरी अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधून पळून जाते. हजारो कोस दूर, तैवानमध्ये वाघीण-आजीची गोष्ट सांगतात. वाघीण नातलग म्हातारीचं सोंग घेऊन घरात शिरते, रात्री अंथरुणात कुडुमकुडुम काहीतरी चावते, आणि मोठी मुलगी ओळखते की हा आवाज धाकट्या भावंडाच्या बोटांचा आहे. तीही बाहेर जायचं निमित्त काढते. तिलाही दोरी बांधली जाते. तीही दोरी दुसरीकडे बांधते आणि झाडावर चढते. चुलीपाशी बसून सांगणाऱ्या बायांना पक्कं माहीत होतं की मुलीला वाचवायला कुणी शिकारी येत नसतो. दरबारी सभ्यतेला शी-शूचं निमित्त चाललं नाही, आणि ते गेलं तशी मुलीची अक्कलही गेली. या संग्रहात फ्रान्सची आणि तैवानची, दोन्ही मुली आहेत, आणि दोघी दोरी सोडवतात. वर्गात वाचताना मुलं खिदळतील. खिदळू द्यावं.

बोटं चावण्याच्या आवाजाने काही पालक दचकतील याची मला कल्पना आहे. भीतीबद्दल म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रशियाच्या अफानास्येव्हने १८५५ ते १८६३ या काळात जवळपास सहाशे कथा छापल्या. त्यात वासिलिसाची गोष्ट आहे. मरताना आईने तिला एक बाहुली दिलेली असते. सावत्र आई तिला विस्तव आणायच्या निमित्ताने जंगलात बाबा यागा या चेटकिणीकडे पाठवते. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, माणसांच्या हाडांचं कुंपण, कुंपणावर कवट्या, आणि रात्री त्या कवट्यांचे डोळे पेटतात. वासिलिसा थरथरते, पण आत जाते, दिलेली कामं बाहुलीच्या मदतीने पुरी करते, आणि तीच पेटलेल्या डोळ्यांची कवटी काठीवर खोचून अंधारातून घरी येते. कवट्या काढल्या तर उरते ती घरकामात हुशार असलेली मुलगी. तिचं धैर्य मुलाला कळायचं असेल तर कुंपण तिथे हवं.

१९२०च्या दशकात सोव्हिएत रशियात काही शिक्षणतज्ज्ञांनी परीकथांवर मोहीमच उघडली होती. मुलांना वास्तव शिकवा, बोलणारे प्राणी नकोत, असं त्यांचं म्हणणं. कोर्नेई चुकोव्हस्की या कवीने त्यांच्याशी झुंज घेतली. ‘दोन ते पाच’ या पुस्तकात त्याने परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवलेल्या एका मुलाची हकीकत दिली आहे. त्या मुलाने स्वतःच गोष्टी रचायला सुरुवात केली, आणि आपल्या खोलीत एक लाल हत्ती राहायला आला आहे असं तो सांगू लागला. मुलाला गोष्ट लागतेच. आपण दिली नाही तर ते ती बनवतं. मात्र हजारो सांगणाऱ्यांच्या तोंडून फिरलेल्या गोष्टीत भयाला शेवट असतो, वासिलिसा घरी पोचते. एकट्या मुलाच्या मनातल्या भयाला असा शेवट मिळेलच असं नाही. म्हणून मी भय ठेवलं आहे आणि शेवटही. क्रूर शिक्षांची रसभरित वर्णनं तेवढी एका वाक्यावर आणली आहेत, कारण त्यांत गोष्टीचा जीव नाही.

अनान्सीपाशी येताना मन जड होतं. घानाच्या अकान लोकांचा हा कोळी, कधी कोळी तर कधी माणूस. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या आणि त्या विकत घ्यायला अनान्सी गेला. किंमत ठरली अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि रानातली एक अदृश्य परी. एवढासा कोळी, आणि ही किंमत! अजगराला त्याने काठीशी लांबी मोजायच्या मिषाने बांधलं, गांधीलमाश्यांना पाऊस आल्याचं भासवून भोपळ्यात घेतलं, परीला चिकाची बाहुली करून अडकवलं. आर. एस. रॅट्रे या अभ्यासकाने १९३० साली अकानांपैकी अशांती लोकांच्या गोष्टी मूळ भाषेसह छापल्या. त्यातल्या या कथेत बऱ्याच युक्त्या अनान्सीची बायको आसो त्याला सुचवते. मुलांसाठीच्या कितीतरी पुस्तकांतून आसो गायब आहे. इथे ती परत आली आहे.

हा कोळी गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून जमैकाला गेला. ज्यांच्याकडून नाव, घर, भाषा सगळं हिरावून घेतलं होतं, त्यांच्याजवळ तो राहिला. दुबळ्याने बलवंताला बुद्धीने हरवल्याची गोष्ट उसाच्या मळ्यावर रात्री कुणी सांगत असेल, तर ती निव्वळ करमणूक नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत तेच काम सशाने केलं. डांबराच्या बाहुलीला चिकटलेला ससा आज जगभर माहीत आहे, आणि बौद्ध जातकांत चिकट केसांच्या यक्षाला हातपाय चिकटलेला राजपुत्रही आहे. सशाच्या गोष्टी जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने १८८० साली पुस्तकात आणल्या. त्याने त्या मळ्यावरच्या गुलामांकडूनच ऐकल्या होत्या, पण सांगायला बसवला तो मालकाच्या मुलाला लाडाने गोष्टी सांगणारा एक कल्पित, समाधानी म्हातारा. गोष्ट जगली, पण तिच्यातली आग विझवली गेली. शंभर वर्षांनी व्हर्जिनिया हॅमिल्टन आणि जूलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकांनी त्या परत आपल्या आवाजात सांगितल्या. मी सशाची गोष्ट लिहिताना त्या दोघांच्या बाजूने उभा आहे. गोष्टीआधी दोन वाक्यांत गुलामगिरी काय होती ते सांगितलं आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते समजतं.

गोष्ट वाईट हातातही पडते. जपानचा मोमोतारो पीचच्या फळातून जन्मतो, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना पिठाचे लाडू वाटून सोबती करतो आणि राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो. दुसऱ्या महायुद्धात सरकारी प्रचाराने शत्रुराष्ट्रांना ते बेट ठरवलं. १९४५ साली त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपटही आला. हे मोठ्या वाचकांसाठी सांगितलं. पुस्तकात मोमोतारो आहे तो आजी-आजोबांचा.

काही गोष्टी मात्र मुद्दाम घेतल्या नाहीत. अमेरिकेतले नावाहो लोक कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, इतर वेळी त्या उच्चारायच्या नसतात. पुस्तक बारा महिने उघडं असतं. त्या लोकांचा हा नेम मोडून मिळणारी गोष्ट मला नको वाटली.

मराठीत परक्या गोष्टी आणायची परंपरा जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी सुरस गोष्टींनी पिढ्या गुंगवल्या. साने गुरुजींनी देशोदेशीच्या गोष्टी ज्या मायेने सांगितल्या ती माया अजून कुणाला साधलेली नाही. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्कोहून छापून आलेल्या स्वस्त, देखण्या मराठी पुस्तकांनी लहान गावांतल्या घरांतही बाबा यागा आणली. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. आता मात्र एक पाऊल पुढे जायला हवं असं मला वाटतं. पूर्वी परकी गोष्ट आपलीशी करायची म्हणजे तिचा राजा पुण्याचा करायचा, जेवणात वरण-भात आणायचा. त्या काळी त्याची गरज होती. आजच्या मुलाने टीव्हीवर बर्फ पाहिला आहे, त्याला नकाशा उघडता येतो. त्याला बर्च झाडाचं नाव सांगावं, अकान लोक कुठे राहतात ते दाखवावं. भाषा मराठी, तीही घरात बोलतो ती, आणि मुलूख ज्याचा त्याचा, हे धोरण मी पाळलं आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तिचा देश, लोक आणि उपलब्ध असेल तिथे सांगणाऱ्याचं नाव दिलं आहे.

आई-बाबा, आजी-आजोबा, शिक्षक यांना दोन विनंत्या आहेत. या गोष्टी मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर मुलांना तात्पर्य विचारू नका. त्यांना विचारायचं असेल ते तीच विचारतील. दुसरी विनंती अधिक कळकळीची. तुमच्या घरात, वाडीत, शेजारी कुणाला एखादी गोष्ट येत असेल, कोकणातली, खानदेशातली, वऱ्हाडातली, गोव्याची, पारध्यांची, कातकऱ्यांची, कुणाचीही, तर ती त्यांच्या बोलीत लिहून घ्या आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. पुस्तकाच्या शेवटची काही पानं त्यासाठी कोरी ठेवली आहेत. गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायला विसरू नका.